बँक राष्ट्रीयीकरणाचा मुहूर्त

सरकारी सुधारणेमागचा राजकीय हेतू शोधायचा तर पुढाऱ्यांची भाषणे फारशी कामाची नसतात. निर्णयाचा मुहूर्त तपासावा, आणि कायद्यातून काय वगळले तेही. 1969 चे बँक राष्ट्रीयीकरण या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे.

मागणी जुनी आणि रास्त होती. बँकांच्या एकूण कर्जात शेतीचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. त्यावर अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी बँकांची मालकी खासगीच ठेवून ‘सामाजिक नियंत्रणा’चा मध्यममार्ग काढला होता आणि तो नुकताच अमलात आला होता. मग जुलैतच घाई कशाची?

राष्ट्रपती झाकीर हुसेन मे महिन्यात वारले. बंगलोरला काँग्रेसमधल्या ज्येष्ठ नेत्यांच्या ‘सिंडिकेट’ गटाने पंतप्रधान इंदिरा गांधींचा विरोध डावलून राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींची उमेदवारी ठरवली. गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांनीही कौल रेड्डींनाच दिला. 16 जुलैला मोरारजींचे अर्थखाते गेले. 19 ला, शनिवारी, चौदा बँका ताब्यात घेणारा वटहुकूम निघाला. संसद सोमवारी भरणार होती! वटहुकमावर सही करणारे हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन निवडणुकीच्या रिंगणात उतरले.

विधेयकाची वाट धरली असती, तर पक्षातल्या विरोधकांना हालचालीला सवड मिळाली असती. वटहुकमाने सत्तेच्या भांडणाला एका रात्रीत तत्त्वाचा रंग चढला. आता इंदिराबाईंना विरोध म्हणजे गरिबांना विरोध, असे समीकरण झाले. ऑगस्टमध्ये रेड्डी हरले, नोव्हेंबरात काँग्रेस फुटली, आणि चव्हाण तोवर पंतप्रधानांच्या गोटात होते.

परदेशी बँका आणि 50 कोटींहून कमी ठेवींच्या बँका वगळल्या होत्या. त्याला कारभाराच्या सोयीची कारणे देता येतील, माझ्या मते बरीचशी खरीही. पण घाई नडलीच. 10 फेब्रुवारी 1970 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भेदभाव आणि अपुरी भरपाई या मुद्द्यांवर कायदा रद्द केला, आणि चार दिवसांत सरकारला नवा वटहुकूम काढावा लागला.

परिणामांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. 1969 मध्ये देशात बँकांच्या जेमतेम 8,300 शाखा होत्या, 1991 पर्यंत त्या 60 हजारांवर गेल्या; त्यांतल्या बऱ्याचशा खेड्यांत निघाल्या. याचे श्रेय राष्ट्रीयीकरणाला द्यायलाच हवे. जुलैतल्या त्या आठवड्याचे स्पष्टीकरण मात्र शेतीच्या कर्जात सापडत नाही, ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतच सापडते.