धनुष्याचा ताण आणि धनुर्धराचे बळ : एक ऐतिहासिक टिपण

नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवून कंपाउंड प्रकारात सुवर्णपदक पटकाविले. या प्रकारात धनुष्याचा ताण ६० पौंडांपलीकडे नेता येत नाही. मर्यादा सर्वांस समान असल्याने ताणाची निवड धनुर्धराच्या बळावरूनच होते. हा विचार नवा नाही. धनुष्याने पीडलेल्या धनुर्धरास लक्ष्य दिसत नाही, असे वासिष्ठ धनुर्वेदात बजावले आहे. जड धनुष्याचा नवशिक्याचा मोह त्या काळीही असावा. अग्निपुराण चार हात लांबीचे धनुष्य उत्तम मानते. मात्र ते माप शस्त्राचे आहे, शरीराचे नव्हे.

हॉलेस विल्बर ऍलन यांना १९६९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेले कंपाउंड धनुष्य तेथे शिकाऱ्यांत रूढ झाले. भारतात १९७२ चा वन्यजीव अधिनियम व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे शिकारीचा मार्ग बंद असल्याने ते मैदानापुरतेच राहिले. त्यातील कप्प्यांमुळे पूर्ण ओढीवर बोटांवरील भार बराच उतरतो; परंतु ओढीची लांबी यंत्रातच ठरलेली असते. पसरलेल्या दोन्ही हातांच्या लांबीस अडीचने भागून ती ढोबळमानाने काढतात. ती अधिक झाल्यास धनुष्य धरलेला हात ताठरतो व सुटलेली प्रत्यंचा त्यावर आदळते.