नवोदितांची प्रतवारी आणि तिचे पुनर्लेखन : सन २००८ च्या क्रिकेट हंगामाचा एक अभ्यास

क्रीडेच्या इतिहासलेखनात निवडीच्या इतिहासाकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. सामन्यांची वर्णने व धावांचे तक्ते विपुल आहेत. परंतु अमुक एका तरुणास अमुक वेळी वरचे स्थान का देण्यात आले आणि वर्षभरातच ते का बदलण्यात आले, हा प्रश्न बहुधा आठवणींच्या स्वाधीन केला जातो. आठवण ही नेहमीच पुढे काय घडले हे जाणून बोलत असते. सन २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या प्रारंभी झालेली तरुण खेळाडूंची वाटणी आणि पहिल्या हंगामानंतर तिचा झालेला फेरविचार या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. ज्या नगरीत या लीगचा पहिला लिलाव झाला, तिच्याच उपनगरांत प्रतवारीची एक निराळी रीत आधीपासून रूढ होती. तिच्याशी तुलना केल्यास या प्रकरणाचे मर्म अधिक स्पष्ट होते.

२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत लिलाव झाला. त्यात महेंद्रसिंग धोनी यांच्यासाठी चेन्नईच्या संघाने १५ लक्ष डॉलर मोजले. पुढच्याच महिन्यात एकोणीस वर्षांखालील खेळाडूंची वाटणी झाली. तिची पद्धत मात्र लिलावाची नव्हती. येथे मानधन आधीच ठरलेले होते, आणि संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडावयाचे होते. हा भेद अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. लिलावातील किंमतीत संघमालकाचे द्रव्यबळ, ईर्ष्या व जाहिरातीचा हिशेब मिसळलेला असतो. वाटणीतील पसंतीचा क्रम हा त्या मानाने निर्भेळ निर्णय होय.

निवडणाऱ्यांसमोर पुरावा कोणता होता? २ मार्च २००८ रोजी क्वालालंपूर येथे विराट कोहली यांच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला होता. अंतिम सामन्यात भारताचा डाव १५९ धावांत आटोपला. तरीही पावसामुळे बदललेल्या लक्ष्यापासून दक्षिण आफ्रिका १२ धावा दूर राहिली. सामनावीर ठरले अजितेश अरगल. स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे २६२ धावा तन्मय श्रीवास्तव यांच्या होत्या. कोहली यांच्या २३५. केवळ याच कोष्टकावर विसंबले असते, तर कोहली यांस निर्विवाद प्रथम स्थान द्यावे असे काहीच नव्हते.

दिल्लीच्या संघाने कोहली उपलब्ध असताना डावखुरे जलदगती गोलंदाज प्रदीप सांगवान यांची निवड केली. कोहली बंगळूरकडे ३० हजार डॉलरच्या करारावर गेले. या निर्णयाची पुढे पुष्कळ थट्टा झाली. तथापि त्या दिवशीच्या परिस्थितीत तो अविचारी ठरत नाही. दिल्लीकडे वीरेंद्र सेहवाग, गौतम गंभीर, शिखर धवन व ए. बी. डिव्हिलियर्स अशी फलंदाजांची रांग होती. उणीव होती ती तरुण भारतीय गोलंदाजाची. शिवाय सांगवान हे त्याच मोसमात रणजी करंडक जिंकणाऱ्या दिल्ली संघाचे सदस्य होते. थट्टा करणारे लोक १८ एप्रिल २००८ पूर्वीच्या निर्णयास नंतरच्या पंधरा वर्षांच्या कसोटीला लावतात. इतिहासाच्या अभ्यासात अशा कालविपर्यासाला दोष मानले जाते, आणि क्रिकेटला त्यातून सूट देण्याचे कारण नाही.

पहिल्या हंगामाची आकडेवारीच प्रमाण मानली, तर दिल्लीचा निर्णय चूक होता असे म्हणताच येत नाही. कोहली यांनी बारा डावांत १६५ धावा केल्या, सरासरी १५, आणि वेग शंभर चेंडूंमागे सुमारे १०५. म्हणजे १ जून २००८ रोजी, नेरूळच्या मैदानावर राजस्थानने चेन्नईस तीन गडी राखून हरविले त्या रात्री, जर कोणी नवोदितांची यादी पुन्हा लावली असती, तर कोहली यांचे नाव खाली घसरले असते. एकोणीस वर्षांखालील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्याच बंगळूर संघातील यष्टिरक्षक श्रीवत्स गोस्वामी यांना. गोस्वामी यांना पुढे भारताच्या वरिष्ठ संघात स्थान मिळाले नाही. विजेत्या राजस्थानकडून रवींद्र जडेजा यांनी १३५ धावा केल्या. धावसंख्या कोहलींपेक्षा कमी, परंतु वेग शंभर चेंडूंमागे १३१ चा, आणि शेन वॉर्न यांच्यासारखा कर्णधार त्यांचे कौतुक करीत होता. तेव्हा जडेजा वर गेले असते. वॉर्न यांचे हे भाकीत खरे ठरले, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच राजस्थान संघात गोव्याचे स्वप्नील अस्नोडकर होते. वयाने ते त्या वाटणीत बसत नव्हते, पण नवखेपणात त्यांची गणना याच वर्गात करावी लागते. ग्रॅम स्मिथ यांच्या जोडीने सलामीस येऊन त्यांनी नऊ सामन्यांत ३११ धावा काढल्या. फेरप्रतवारीत त्यांचे स्थान अगदी वर लागले असते. पुढील हंगामांत ती किमया त्यांना पुन्हा साधली नाही. यावरून पहिली यादी खरी आणि दुसरी खोटी, असे म्हणावयाचे नाही. दुसरी यादी ही पहिलीची दुरुस्ती आहे हा जो सर्वसाधारण समज आहे, तो मात्र यावरून ढळतो. दोन्ही याद्या आपापल्या दिवशीच्या पुराव्याने बांधलेल्या आहेत. दुसऱ्या यादीतला पुरावा तर अधिकच अरुंद असतो, कारण दीड महिन्याच्या स्पर्धेत तरुणास कोणत्या क्रमांकावर पाठविले आणि किती चेंडू वाट्याला आले, यावर त्याची सारी धावसंख्या अवलंबून राहते.

मुंबईच्या संघाचे उदाहरण याच अंगाने पाहावे. त्यांच्याकडे आलेल्या मनीष पांडे यांना पहिल्या हंगामात मोजकेच सामने मिळाले. ते बंगळूरकडे गेले आणि २१ मे २००९ रोजी सेंच्युरियन येथे नाबाद ११४ धावा करून या स्पर्धेत शतक करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचे सहकारी सौरभ तिवारी मुंबईतच राहिले. २०१० मध्ये त्यांनी ४१९ धावा केल्या आणि २०११ च्या लिलावात बंगळूरने त्यांस १६ लक्ष डॉलर देऊन घेतले. एका मोसमाच्या पुराव्यावर किंमत किती उसळू शकते, याचा हा नमुनाच होय.

याउलट उपनगरातील रीत. नागपुरात जन्मलेले रोहित शर्मा बोरिवलीत आजी-आजोबा व काकांजवळ वाढले. १९९९ मध्ये काकांनी दिलेल्या पैशांतून ते क्रिकेट शिबिरास गेले. तेथील प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्यांना आपण शिकवीत असलेल्या स्वामी विवेकानंद शाळेत येण्यास सुचविले व शुल्काची अडचण शिष्यवृत्तीने दूर केली. मुलगा आला होता ऑफस्पिन गोलंदाज म्हणून. फलंदाजीस तो आठव्या क्रमांकावर जाई. लाड यांनी त्याची फलंदाजी पाहून त्यास थेट सलामीला धाडले, आणि सलामीच्या पहिल्याच सामन्यात त्याने शतक केले. पुढे पालघरच्या शार्दूल ठाकूर यांनाही लाड यांनी याच शाळेत आणले व राहण्यास आपल्या घरी जागा दिली. हीदेखील फेरप्रतवारीच होय. परंतु येथे मुलाचे मोल बदलण्याआधी त्याचे काम बदलले गेले. लिलावाच्या बाजारात बहुधा किंमत बदलते आणि काम पूर्वीचेच राहते. आठव्या क्रमांकावरील धावा मोजून मुलास बाजूला सारणारा प्रशिक्षक हिशेबात चुकला नसता. चुकली असती ती पाहणी.

रोहित शर्मा २००६ च्या तुकडीतील असल्याने २००८ मध्ये वाटणीत नव्हे, लिलावात आले. हैदराबादने त्यांच्यासाठी साडेसात लक्ष डॉलर दिले. त्यांनी ४०४ धावा केल्या आणि त्यांचा संघ तळाशी राहिला. ६ मे २००९ रोजी त्यांनी ऑफस्पिन टाकून, आणि तीही मुंबईच्याच संघाविरुद्ध, सलग तीन बळी घेतले. बोरिवलीतील जुने काम पुसले गेले नव्हते, ही या इतिहासातील एक गमतीची जागा. २०११ मध्ये मुंबईने त्यांस २० लक्ष डॉलर देऊन आणले, व २०१३ पासून २०२० पर्यंत त्यांच्या नेतृत्वाखाली पाच विजेतेपदे मिळविली.

कोहली यांच्या बाबतीतही निर्णायक फेरविचार संघमालकांच्या यादीने केला नाही. २००८ च्या उन्हाळ्यानंतर ऑस्ट्रेलियातील नवोदितांच्या स्पर्धेत त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध शतक केले. निवड समितीचे अध्यक्ष, मुंबईचे दिलीप वेंगसरकर यांनी तो खेळ पाहिला होता, आणि त्यांच्या आग्रहाने कोहली भारतीय संघात आले. १८ ऑगस्ट २००८ रोजी दंबुला येथे ते पहिला एकदिवसीय सामना खेळले. धावा झाल्या १२. आयपीएलमधील १६५ धावांचा कागद वेंगसरकरांसमोरही होताच.

बाकीच्यांच्या वाटा निरनिराळ्या झाल्या. श्रीवास्तव व अरगल दोघेही पंचगिरीकडे वळले, आणि श्रीवास्तव २०२५ च्या आयपीएलमध्ये पंच म्हणून उभे राहिले. सांगवान यांस भारताकडून खेळता आले नाही. अनेक संघ फिरून ते २०२२ मध्ये गुजरातच्या संघात पोहोचले. त्या वर्षी ३० एप्रिल रोजी ब्रेबोर्न स्टेडियमवर गुजरातची गाठ बंगळूरशी पडली. कोहली यांनी ५८ धावा केल्या. सांगवान यांनी चार षटकांत १९ धावा देऊन दोन गडी बाद केले, आणि सामना गुजरातने जिंकला.