पावसाचं टाइमटेबल

आमच्या घरात एक भांडण गेली कित्येक वर्षं चालू आहे. विषय: बोर्निओला कधी जायचं?

जायचं की नाही, यावर वाद नाही. बाबांनी कोकणातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर बोर्निओचं बेट काढून त्याच्या मधोमध विषुववृत्ताची रेघ मारणं हा त्यांचा हातखंडा होता. मीही त्यांच्याच वर्गात होतो. 'विषुववृत्तीय प्रदेशात ऋतू नसतात. सकाळी ऊन, दुपारी ढग, चारच्या सुमारास आरोह पर्जन्य. बारा महिने तेच.' हे वाक्य आम्ही घोकून घोकून पाठ केलं होतं. ते अरण्य एकदा डोळ्यांनी बघायचं, ही त्यांची फार जुनी इच्छा.

त्यामुळे मी जेव्हा जेव्हा 'सीझन बघून जाऊ' म्हणतो, तेव्हा बाबा हसतात. "अरे, जिथे ऋतूच नाहीत तिथे सीझन कसला बघतोस?"

पण मी बघितला. सारावाकमधल्या कुचिंगला जानेवारीच्या एका महिन्यात सुमारे साडेसहाशे मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याचा जवळजवळ वर्षाचा कोटा! जून-जुलैत तो दोनशेच्या आसपास उतरतो. दोनशे म्हणजे काही कोरडं नव्हे, पण फरक आहेच. म्हणून २०१५ साली मी मोठ्या हुशारीने सप्टेंबर ठरवला. पाऊस कमी, गर्दी कमी. आणि नेमका त्याच वर्षी एल निनो जोरात होता. सुमात्रा आणि कालिमांतानमधली दलदलीची जमीन आठवडेच्या आठवडे जळत राहिली आणि तिचा धूर थेट सारावाकवर आला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. आम्ही तिकिटं रद्द केली. पुढचा प्रयत्न एप्रिल २०२० चा. त्याबद्दल काही सांगायलाच नको.

आता बाबा शहात्तर वर्षांचे आहेत आणि डावा गुडघा कुरकुरतो.

गेल्या महिन्यात परत तारखांचा घोळ घालत बसलो होतो आणि आठवण झाली ती आल्फ्रेड रसेल वॉलेसची. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीने मांडणारा तो हाच. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं तो या बेटांमधून फिरला, सुमारे चौदा हजार मैल, आणि सव्वा लाखाहून जास्त नमुने त्याने गोळा केले. प्राणी, पक्षी, कीटक विकून पोट भरणारा माणूस. याच्यासाठी हवामान म्हणजे हौस नव्हती, धंदा होता. म्हटलं, याने तारखा कशा ठरवल्या ते तरी बघू. 'द मलय आर्किपेलागो' हे त्याचं १८६९ चं पुस्तक कपाटातून काढलं आणि दोन रात्री त्यातच गेल्या.

पहिली गंमत अशी, की तो सारावाकला पोचला तोच नोव्हेंबर १८५४ मध्ये. म्हणजे मी ज्या महिन्यांवर फुली मारली होती, ऐन त्या महिन्यांत! पावसाने त्याला सांतुबोंग डोंगराच्या पायथ्याशी एका घरात अडकवून ठेवलं. करायला काही नाही, बोलायला फारसं कोणी नाही. मग जवळची पुस्तकं चाळत आणि विचार करत त्याने एक निबंध लिहिला. प्रत्येक नवी प्रजाती ही जवळच्याच जुन्या प्रजातीच्या आगेमागे, त्याच प्रदेशात अवतरते असं त्यात म्हटलं होतं. सप्टेंबर १८५५ मध्ये तो छापून आला आणि उत्क्रांतीच्या इतिहासात त्याला आज मानाचं स्थान आहे. पाऊस नसता तर गडी दिवसभर जाळं घेऊन जंगलात असता.

दुसरी गोष्ट भुंग्यांची. पहिल्या चार महिन्यांत त्याला भुंगेरे-किड्यांचे ३२० प्रकार मिळाले होते. १४ मार्च १८५५ ला तो सिमुन्जनच्या कोळशाच्या खाणीवर गेला आणि पंधरवड्याच्या आत हा आकडा दुप्पट झाला. एका दिवशी तर ७६ प्रकार! पावसाळा नुकताच सरत होता, आणि खाणीसाठी तोडलेल्या झाडांचे ओंडके उन्हात वाळत पडले होते. तेच तर या किड्यांचं माहेर. म्हणजे नुसता महिना पुरत नाही. पाऊस, मागून येणारं ऊन आणि मेलेलं लाकूड, तिन्ही जुळावं लागतं.

तिसरी गोष्ट वाचून तर मी पुस्तक मिटून बसलो. त्याच वर्षाच्या शेवटी आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे परत भर पावसात, तो डोंगरावरच्या एका बंगल्यात राहिला. रात्री व्हरांड्यात दिवा लावायचा आणि पतंग पकडायचे. २६ रात्रींत १,३८६ पतंग मिळाले. त्यातले आठशेहून जास्त फक्त चार रात्रींत. आणि त्या चार रात्री कोणत्या? सर्वात काळोख्या, सर्वात ओल्या. स्वच्छ चांदण्याच्या रात्री, ज्या मी आणि तुम्ही बुक केल्या असत्या, त्या जवळजवळ फुकट गेल्या.

पण म्हणून कधीही उठून निघावं, असंही नाही.

१८५६ मध्ये तो मकास्सरला होता. तिथून पूर्वेला सुमारे हजार मैलांवर अरू बेटं आहेत, नंदनपक्ष्यांची. तिथे वर्षातून एकदाच जाता यायचं. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेचा वारा सुटला की व्यापाऱ्यांची शिडाची गलबतं निघायची आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास पूर्वेच्या वाऱ्यावर परत यायची. वारा चुकला की वर्ष चुकलं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. नारळी पौर्णिमेच्या आधी दर्यात होडी लोटायची नाही, हे आमच्या गावात पोरासोरांना ठाऊक असतं. 'मॉन्सून' हा शब्दसुद्धा अरबी 'मौसिम'वरून आलेला. मौसिम म्हणजे पाऊस नव्हे, ऋतू. दर्यावर्दींच्या लेखी गलबत हाकारायचा काळ.

वॉलेस १३ डिसेंबर १८५६ ला निघाला, ८ जानेवारीला डोबोला पोचला. तरी पक्ष्यांचं टाइमटेबल वेगळंच! मोठ्या नंदनपक्ष्याच्या नरांची पिसं तेव्हा अजून पुरती फुललेली नव्हती. ती फुलून त्यांचे झाडावरचे नाच सुरू झाले, तेव्हा हा किड्यांच्या चाव्यांनी पायांना जखमा होऊन झोपडीत पडून होता. हवं ते सगळं बाहेर जंगलात चाललेलं आणि याला पाऊल टाकता येत नाही. तरीही जुलै १८५७ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याकडे नऊ हजारांहून जास्त नमुने होते.

त्याने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, ती मी सहलीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिली. मकास्सरला पश्चिमेच्या वाऱ्यात पाऊस पडतो आणि पूर्वेच्या वाऱ्यात जमीन भेगाळते. अंबोनला बरोबर उलटं. तिथे मे ते ऑगस्टमध्ये समुद्रावरून येणारा वारा डोंगरांवर आदळतो आणि धो धो कोसळतो. नकाशावर ही दोन्ही गावं हाताच्या चार बोटांत मावतात. तेव्हा 'त्या भागातला चांगला सीझन' असं काही नसतंच. प्रत्येक बेटाचा आपापला.

आणि मग डोरे. न्यू गिनीचा किनारा, १८५८ सालचा एप्रिल ते जुलै. इथे हवामानाने त्याला अजिबात साथ दिली नाही. पाऊस पाठ सोडेना, घोटा दुखावलेला, मुंग्या आणि माश्या नमुने फस्त करताहेत, बरोबरचे सगळे तापाने आडवे. त्यातला जुमात नावाचा बुटोन बेटावरचा जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा तिथेच गेला. वॉलेसने त्याच्याविषयी थोडक्यात लिहिलं आहे. पुस्तकात पुढचं पान उलटलं की परत पक्षी आणि किडे सुरू होतात. मला मात्र ते पान उलटायला जरा वेळ लागला. वॉलेस आपल्या स्वप्नासाठी तिथे गेला होता. जुमात मजुरीसाठी. ओल्या हंगामाची किंमत दोघांना सारखी पडली नाही.

बाबांना घेऊन जायचं म्हणजे हा हिशोब मलाही करायला हवा. त्यांचा गुडघा, निसरड्या फळ्यांची वाट, जवळचा दवाखाना. वॉलेसच्या चार काळोख्या रात्री वाचून हुरळून जाणं सोपं आहे, भिजणारा हाडामांसाचा माणूस वेगळा असतो.

शेवटी मार्चचा मध्य ठरवला आहे. पाऊस सरता सरता, धुराच्या आधी. फार चालायचं नाही. कुचिंगजवळ सेमेंगोह म्हणून राखीव जंगल आहे, तिथे मोकळे सोडलेले ओरांगउटान ठराविक वेळी ठेवलेली फळं खायला येतात. एकच अडचण आहे. पावसाळ्याच्या त्या महिन्यांत जंगलातच फळं धरलेली असतात, तेव्हा ते बरेचदा येतच नाहीत. मार्चमध्ये फळं संपली असतील की नाही, कोणीच सांगू शकत नाही. एवढ्या वर्षांनी जायचं आणि रिकामी फांदी बघून यायचं?

हे बाबांना जरा चाचरतच सांगितलं. ते छत्रीची काडी सरळ करत बसले होते.

"नाही आले तर नाही आले," ते म्हणाले. "त्यांची पोटं भरलेली आहेत एवढं कळेल." मग थोड्या वेळाने, "पण चार वाजता पाऊस पडतो का, ते मात्र मी बघणार आहे."