कोळी शोधला, कोळीवाडा सापडला

समजा, बोरिवलीच्या एका शाळेतल्या बाईंनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले कोळी (आठ पायांचे) वर्षानुवर्षे पाहिले, त्यांची टिपणे काढली आणि ती सारी मराठीतून एका संकेतस्थळावर ठेवली. आठवड्याने त्यांनी शोधयंत्रात 'कोळी' हा शब्द टाकला, तर बहुधा काय दिसेल? वेसाव्याचा कोळीवाडा, कोळीगीते, मासळीचे कालवण! बाईंच्या पानाचा पत्ताच नाही.

ही फजिती का होते, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. आम्हांला हा इतिहास सांगावासा वाटतो याचे आणखी एक कारण म्हणजे त्याचे दोन धागे मुंबईच्या उपनगरांतूनच जातात. एक जुहूचा, दुसरा पवईचा.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ निघाले. त्या काळी बहुतेक मराठी संकेतस्थळे एक युक्ती करत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेला फाँट वापरायचा. तो फाँट ज्याच्याकडे आहे त्याला पडद्यावर 'मराठी' दिसे, पण यंत्राच्या दृष्टीने तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी असे. शिवाय प्रत्येक फाँटची खिचडी वेगळी. म्हणजे क्रमवारीत पुढे की मागे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पान मराठी आहे हेच यंत्राला कळत नसे. त्या वर्षांत हौसेने लिहिलेले कितीतरी मराठी लेखन असे आंधळ्या कोठडीत पडून राहिले.

यावरचा उपाय, युनिकोड, १९९१ साली जन्मला होता. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. 'मराठी' म्हणजे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. पाच क्रमांक, कारण काना आणि वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. (मुलांना आपापले नाव असे लिहायला सांगून पाहा.) पण नुसत्या क्रमांकांनी भागत नाही. त्यांतून जोडाक्षरे नीट उमटवणारा फाँट हवा. विंडोज २०००बरोबर आलेला 'मंगल' हा फाँट पवईच्या आयआयटीत अनेक वर्षे शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी रेखला. अक्षरांवरचे त्यांचे पुढचे काम जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत झाले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्येच.

यंत्राला पान वाचता आले. आता त्याचा क्रम कोणता?

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी एक सोपी गोष्ट केली. एका नामवंत नियतकालिकाच्या वर्षभराच्या अंकांत इतरांचे संदर्भ किती वेळा आले ते मोजले. १९९८ साली ब्रिन आणि पेज यांनी हाच विचार पानांना जोडणाऱ्या दुव्यांना लावला. मात्र दुवे नुसते मोजायचे नाहीत. वजनदार पानाचा दुवा वजनदार, आणि एक पान जितके जास्त दुवे देईल तितके त्याचे वजन त्यांच्यांत वाटले जाईल.

फळ्यावर करून पाहू. 'अ' हा 'ब' आणि 'क' यांच्याकडे बोट दाखवतो, 'ब' फक्त 'क'कडे, 'क' फक्त 'अ'कडे. प्रत्येकाला १० गुण द्या. पहिल्या वाटपानंतर अ १०, ब ५, क १५. दुसऱ्यानंतर १५, ५, १०. असेच करत राहिले की आकडे १२, ६, १२ यांच्याजवळ स्थिरावतात. आता 'ड' आणा. तो इतरांकडे बोट दाखवतो, पण त्याच्याकडे कोणीच दाखवत नाही. त्याला शून्य! म्हणून मूळ सूत्रात साधारण ८५ टक्के वजन दुव्यांतून वाटले जाते आणि उरलेले १५ टक्के सर्व पानांना सारखे. बाईंचे नवे संकेतस्थळ म्हणजे हा 'ड'. सुरुवातीला त्याच्या वाट्याला एवढेच येते. आज शोधयंत्रे इतर अनेक गोष्टी तपासतात, तरी नवख्याची ही अवस्था फारशी बदललेली नाही.

पवईचा धागा इथे येतो. १९९८च्याच सुमारास क्लाइनबर्ग यांनी म्हटले की विषयातली जाणकार पाने आणि त्यांची चांगली यादी देणारी पाने ही एकमेकांमुळे ओळखता येतात. हा विचार पुढे नेणाऱ्या आयबीएमच्या 'क्लेव्हर' प्रकल्पात सौमेन चक्रबर्ती होते. १९९९ साली, पवईच्या आयआयटीत आल्यावर, त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एका विषयापुरतेच जाळे पिंजून काढणाऱ्या यंत्राचा निबंध सादर केला. नमुन्याची काही पाने दिली की ते त्या विषयाकडे नेणारेच दुवे धरून चालते. एका विषयाची पाने एकमेकांच्या शेजारी राहतात, या गोष्टीचा त्याने उपयोग केला. बाईंच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एखाद्या कीटक-अभ्यासकाच्या यादीत मिळालेली एक ओळ शंभर परक्या दुव्यांपेक्षा मोलाची. विकत घेतलेल्या दुव्यांचा बाजार पुढे भरलाच, आणि २००५ साली 'हा दुवा क्रमवारीत धरू नका' अशी खूणही शोधयंत्रांना काढावी लागली. असो.

आणखी एक मदत मिळते ती दुर्मीळ शब्दांची. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दाखवले की जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला शोधात जास्त वजन द्यावे. 'कोळी' लाखो पानांत असेल. 'जाळे न विणणारे उडे कोळी बोरिवली' असे कोणी विचारले, तर उत्तर देणारी पाने किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. छोट्या विषयाचे नवे संकेतस्थळ प्रथम वर येते ते अशाच लांबलचक, नेमक्या प्रश्नांवर. दिवसाला एखाद-दुसरा वाचक, पण नेमका तोच, ज्याच्या खिडकीत उडा कोळी बसला आहे. त्यांतला कोणी आपल्या पानावरून दुवा देतो, आणि 'ड'कडे पहिले बोट दाखवले जाते. याला कित्येक महिने लागतात. 'कोळी' या एकट्या शब्दावर मात्र वेसावकर पुढेच राहतील. त्यांच्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ आहेत.