भातुकलीच्या आधी

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात केम हे कुंकवासाठी ख्यात असलेले गाव आहे. तेथील एका परिचितांच्या घरी जाताना आम्ही त्यांच्या सव्वा वर्षाच्या नातवासाठी वाजणारी मोटार नेली होती. बाळाने ती एकदा उलटी करून पाहिली आणि ते उलथन्याकडे रांगत निघाले. पुढचा तासभर उलथने, डब्याचे झाकण आणि रिकामा करंडा एवढ्यावर त्याचे भागले. आजी म्हणाल्या, "त्याला खेळणं नको, आमचं काम पाहिजे." वाक्य सहज होते, बालपणाच्या इतिहासाकडे पाहण्याची वाट मात्र त्याने आम्हांस दाखवली.

हा इतिहास आपण बहुधा खेळण्यांवरून लिहितो, कारण खेळणी टिकतात. पण टिकलेले ते मुलाचेच, असेही नाही. दायमाबादला १९७४ साली सापडलेली कांस्याची चाकांची जनावरे प्रथमदर्शनी खेळणी वाटतात. अनेक अभ्यासक मात्र त्यांचा संबंध धर्मविधीशी जोडतात. उलटपक्षी, मुलांनी खरोखर हाताळलेली पळी, पाटी, सूप यांच्यावर 'खेळणे' अशी चिठ्ठी कोणतेही संग्रहालय लावत नाही. वस्तू उरते, खेळ उरत नाही.

अशा वेळी वाङ्मय साक्षीला येते. भागवताच्या दशम स्कंधात, अकराव्या अध्यायात, गोपी लहानग्या कृष्णाला पाट, माप, पादुका आणायला सांगतात आणि तो त्या उचलू पाहतो. लोणीचोरीच्या गजरात हा प्रसंग आपण विसरतो. येथे बाळाच्या हाती एकही खेळणे नाही. मोठ्यांच्या वापरातील जड वस्तू आहेत, आणि त्या उचलण्याची धडपड हीच लीला आहे. केमच्या आजींचे निरीक्षण त्या कवीनेही केलेले दिसते.

शिक्षणशास्त्राला हे उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले. तेथे मिळालेल्या सुंदर खेळण्यांकडे मुले फारशी वळत नाहीत. झाडणे, पुसणे, ओतणे यांत मात्र रमतात, असे त्यांना आढळले. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हा विचार आणखी पुढे नेला. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या सोबतीने काम करताना, महागडी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. मग खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. ही केवळ काटकसर नव्हती. मुलाचे कुतूहल विकत आणावे लागत नाही, हा त्यामागचा विश्वास होता. 'अंगणवाडी' हा शब्दही याच परंपरेतला.

तरीही या कथेला गोड शेवट देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दोन वर्षांच्या हातातील पळी खेळ असते. गरिबाघरी आठव्या वर्षी तीच पळी काम होते, आणि ते बहुधा मुलीच्याच वाट्याला येते. भातुकली ही त्या दोहोंमधली पायरी. घरातील भांड्यांची छोटी प्रतिकृती करून आपण ती मुलीच्या पुढ्यात मांडतो आणि मुलाच्या हाती मोटार देतो. उलथन्यामागे रांगणाऱ्या बाळाला हा भेद ठाऊक नसतो. तो आपण शिकवतो, पुष्कळदा भेटवस्तू देऊन.

केमला नेलेली मोटार आम्ही त्याच हिशेबाने निवडली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. बाळाने ती बाजूला सारली, तेव्हा ते आमच्यापेक्षा शहाणे होते. त्याचे उलथने त्याच्या हातून पुढे कोण आणि कधी काढून घेते, हे पाहणे हाच बालपणाच्या इतिहासाचा खरा विषय होय.