क्षीणतेचे मोजमाप आणि वनप्रदेशातील वृद्धा

स्तनाचा कर्करोग झालेल्या वृद्ध स्त्रीवर शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न दीर्घकाळ तिच्या वयाकडे पाहून सोडविला जात असे. हॅल्स्टेडने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथीही काढल्या जात. तेव्हा वार्धक्याची धास्ती वाटणे स्वाभाविकच होते. पुढे शस्त्रक्रिया आटोपशीर झाली, भूल सुरक्षित झाली. वयाचा धाक मात्र मागे राहिला. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत तर वय हीच अनिश्चित बाब होय. जन्माची नोंद नसलेल्या पिढीतील स्त्रीचे वय कागदावर येते ते बहुधा कोणाच्या तरी अंदाजाने.

वर्षे मोजण्याऐवजी शरीराची राखीव शक्ती मोजावी, या विचाराला निश्चित रूप आले ते २००१ साली. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ व त्यांवरील वयाच्या ५,३१७ अमेरिकन व्यक्तींच्या आधारे क्षीणतेची पाच लक्षणे ठरविली : नकळत घटलेले वजन, थकवा, मुठीची कमजोर पकड, मंद चाल आणि अल्प हालचाल. त्यांपैकी तीन आढळल्यास व्यक्ती क्षीण समजावयाची. त्याच वर्षी कॅनडात मिट्निट्स्की व रॉकवुड यांनी निराळी वाट धरली. शरीरात साचत गेलेल्या उणिवांची बेरीज म्हणजे क्षीणता, असे त्यांचे प्रतिपादन. शल्यचिकित्सकांना ही दुसरी वाट सोयीची वाटली, कारण अशी बेरीज जुन्या कागदपत्रांवरूनही करता येते. तिच्यातूनच अमेरिकेतील राष्ट्रीय शस्त्रक्रिया-नोंदींसाठी २०१३ साली ११ बाबींची आणि २०१८ साली अवघ्या ५ बाबींची सूची पुढे आली : मधुमेह, रक्तदाब, जुनाट श्वासरोग, हृदयाची अकार्यक्षमता व परावलंबन. स्तनाच्या शस्त्रक्रियेसंबंधी या नोंदींवरून झालेल्या अनेक अभ्यासांत, गुण जितके अधिक तितका गुंतागुंतीचा धोका अधिक, असे आढळले.

परंतु या पाचांपैकी चार बाबी आधी झालेल्या निदानावर उभ्या आहेत, हे विसरता येत नाही. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. तो अभ्यास कर्करोगाचा नव्हे, क्षीणतेचाही नव्हे; तथापि नोंद नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे, याचा इतका रोखठोक पुरावा या भागातून दुसरा क्वचितच मिळेल. ज्या स्त्रीचा रक्तदाब कधी कोणी पाहिलाच नाही, तिला पाच बाबींच्या सूचीत शून्य गुण मिळतात आणि ती सुदृढ ठरते. पांडुरोगाला त्या सूचीत स्थान नाही. मध्य भारतातील सिकलसेल दोषाचा वृत्तांत शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ सालीच दिला होता; भूल देताना ज्याची विशेष काळजी घ्यावी लागते, त्या सिकलसेल विकारालाही तेथे जागा नाही.

मग फ्रीड यांची लक्षणे घ्यावीत काय? पकड आणि चाल यांना जुन्या कागदांची गरज नाही. पकडमापक, पंधरा फूट जागा आणि घड्याळ पुरते. येथवर ठीक. परंतु वजन घटले हे कळण्यास गतवर्षीचे वजन ठाऊक असावे लागते. आणि हालचालीची मूळ प्रश्नावली फुरसतीच्या वेळेतील व्यायाम व छंदांची होती! पहाटे मोहफुले वेचणाऱ्या, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणाऱ्या वृद्धेने तिला काय उत्तर द्यावे? शिवाय पकड कमजोर केव्हा म्हणावयाची, याची सीमारेषा त्या अमेरिकन गटाच्या खालच्या पंचमांशावरून आखलेली आहे. ती येथे जशीच्या तशी लावल्यास मुळात लहान चणीच्या, पण काटक स्त्रियाही क्षीण ठरण्याचा संभव आहे. अशा स्त्रीला शस्त्रक्रिया नाकारून केवळ गोळ्यांवर ठेवले जाईल, तर निदानाविना राहिलेली रोगी स्त्री निर्धास्तपणे शस्त्रक्रियेच्या मेजावर जाईल.

अमेरिकन नोंदींत शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतील गुंतागुंती मोजल्या जातात. भामरागडकडची स्त्री नागपुरास शस्त्रक्रिया करवून गावी परतली आणि पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद झाला, तर तिची चिघळलेली जखम त्या ३० दिवसांत कोणत्याही डॉक्टराच्या दृष्टीस पडत नाही, आणि हिशेबात तिची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेली असते.