पानिपत ते पुणे : दहा दिवसांचे अंतर

उज्जैन शहराच्या कडेला, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ वसले आहे. तेथील छापील कापडाची ख्याती मोठी आहे; परंतु मराठी मनुष्य तेथे जातो तो बहुधा कालभैरवाच्या दर्शनाला. या देवळापासून आकाशमार्गाने उत्तरेस पानिपत सुमारे सातशे किलोमीटर आणि दक्षिणेस पुणे साडेपाचशे. या दोहोंची बेरीज साडेबाराशे; आणि पानिपत-पुणे हे सरळ अंतरही जवळजवळ तेवढेच. आज विमान दिल्लीहून पुण्यास सुमारे दोन तासांत येते.

सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाली, ती ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत शिरली. तोफा, बैल, बुणगे, यात्रेकरू असा सारा संसार बरोबर आणि वाटेत पावसाळ्याने फुगलेल्या नद्या! एवढा पसारा याहून लवकर कसा हलणार? बातमीला मात्र ओझे नसते. तरीही अब्दाली ऑक्टोबरच्या अखेरीस यमुना उतरून भाऊ आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला, आणि डाकेची वाट विस्कटली.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्वनाश झाला. नानासाहेब पेशवे त्या सुमारास भाऊंच्या कुमकेस निघून माळव्यात भेलशापर्यंत आले होते. डिसेंबरात पैठणास नवे लग्न लावण्यात जे दिवस गेले, त्यांचे समर्थन कोणी करू नये. पानिपताहून भेलसे सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर. पराभवाची वार्ता सांगणारे सावकारी पत्र पेशव्यांच्या हाती पडले २४ जानेवारीस. दहा दिवस! हिवाळ्यात, शत्रूने व्यापलेल्या मुलखातून आलेल्या पत्राला हा वेग कमी नव्हे. परंतु ज्या पुत्राला आणि चुलतबंधूला सोडवावयाचे, ते विश्वासराव आणि भाऊ त्या दहाही दिवसांत या जगात नव्हते. पेशव्यांच्या छावणीत मात्र ते जिवंतच होते. तो घाव नानासाहेबांना सोसला नाही. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

त्या रणातून पायाला जन्माची जखम घेऊन महादजी शिंदे परतले. राणेखान भिस्त्याने त्यांना वाचविले. उत्तरेतील मराठ्यांची सत्ता पुन्हा उभी राहावी म्हणून महादजींनी आपली पगडी कालभैरवाला वाहिली, अशी आख्यायिका भैरवगढात सांगतात. पानिपताहून दिल्ली नव्वद किलोमीटरदेखील नाही. पण मराठी फौजा घेऊन दिल्लीत पाऊल ठेवावयास महादजींना १७७१ साल उजाडावे लागले. पुढच्या जानेवारीत त्यांच्याच बळावर बादशहा शाह आलम आपल्या राजधानीत परतला.

भैरवगढच्या देवाच्या मस्तकावर आजही मराठी पद्धतीची पगडी असते.